संघाचं पाणीखातं, बहरीन

आईने मला बहरीनला पाठवलं ते फिरायला नव्हे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चाळिशी ओलांडलेली, शाळेत शिकवणारी, पासपोर्ट पहिल्यांदाच काढलेला. माझा धाकटा भाऊ संघपाल तिथे सरकारच्या पाणीखात्यात तंत्रज्ञ होता. निदान पत्रात तो तसं लिहायचा. कुठलं पाणी, कसलं काम, हे कधी लिहीत नसे. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता. तिने जवसाच्या चटणीची बरणी कापडात बांधून माझ्या हातात दिली. "थो काय काम करते, ते डोयानं पाहून ये."

या हट्टामागे माझे वडील होते. आमच्या गावात ते गटारं साफ करायचे. एका दुपारी चेंबरमध्ये उतरले आणि आतल्या वायूने तिथेच गेले. वर कोणीच नव्हतं. झाकण उघडं दिसलं म्हणून लोक जमले. संघा तेव्हा पहिलीत होता. त्या दिवसापासून आईचं एकच म्हणणं, या घरातलं कोणी पुन्हा त्या झाकणाजवळ जायचं नाही.

मुंबईहून विमान मुहर्रकला उतरतं. ते वेगळं बेट आहे. तिथून समुद्रावरच्या रस्त्याने मनामात यायचं. दोन्ही बाजूंना उथळ, हिरवट पाणी आणि वारा. हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटर घ्या, आखातात थंडी नसते असं समजून मी शालीवर निघाले होते. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

संघाचं घर जुफैरच्या अलीकडे. पहिल्या सकाळी मी चहा टाकायला नळाखाली भांडं धरलं तर भावजय सुषमा धावत आली.

"ताई, ते नोको. चहा खारट होते."

नळाचं पाणी मचूळ असायचं. आंघोळीला, धुण्याला ते, आणि प्यायला, स्वयंपाकाला कॅनमधलं गोड पाणी विकत. मी सहज म्हणाले, "पाणीखात्यातला माणूस घरात, आणि पाणी विकत?" सुषमा हसली नाही. तिने संघाकडे पाहिलं, आणि तो बूट घालायला लागला.

पुढचे काही दिवस त्याने मला खूप फिरवलं. बाब अल बहरीनच्या बाजारात सोन्याची दुकानं, कापडाचे तागे, मसाल्यांचा वास. कापडवाल्याशी हिंदीत खुशाल घासाघीस करा, तो नाराज होत नाही. कोपऱ्यावरच्या भट्टीतून निघालेली रोटी भाचीने कागदात धरून आणली, "आत्या, केअरफुल, इट्स हॉट." शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, अदलियात जेवलो. अख्खा मासा आणि भात, तिघांना पुरेल एवढा. संघा सगळीकडची माहिती सांगायचा. कामाचं विचारलं की रस्त्याकडे बोट दाखवून दुसरंच काही सांगायचा.

निघायच्या आदल्या दिवशी मी चटणीची बरणी टेबलावर ठेवली. "ही आईने दिली ती कशासाठी, माहीत आहे ना? मला तुझं काम दाखव."

त्याने गाडीची किल्ली उचलली. शहराच्या दक्षिणेला, खाडीजवळ, तारेच्या कुंपणाआड मोठमोठे गोल हौद होते. वास आधी आला. तो वास लहानपणी वडिलांच्या कपड्यांना यायचा. मला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

"अख्ख्या शहराचं मैलापाणी इथं येते," संघा म्हणाला. "आम्ही साफ करतो."

"तू उतरतोस?"

"पंप अडला तर."

हौदांच्या पलीकडे जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. त्याच्याजवळ तिपाईवर चाक, चाकावर दोर. शेजारी पांढऱ्या दाढीचा एक बहरीनी माणूस खोक्यावर बसला होता. संघाने ओळख करून दिली, "हा हसन." हसन उठून उभा राहिला.

"बहन, तुम्हारा भाई बहुत खाता है. ऊपर खींचते खींचते मेरा कमर खलास."

मग संघाने मला रीत सांगितली. झाकण उघडलं की आधी दोरीने वायूचं मीटर आत सोडायचं. ते ओरडलं तर त्या दिवशी काम बंद, साहेबाने उतर म्हटलं तरी. नाही ओरडलं तर कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. आणि वर हसन.

"चाय आया तो?" मी हसनला विचारलं. का विचारलं, मलाच कळलं नाही.

त्याने हातातला दोर मला दाखवला. "चाय ठंडा होने दो. ये नहीं छोड़ता."

परत येताना रस्त्याच्या मधोमध खजुराच्या रांगा होत्या, खाली लाल-पांढरी फुलं. जाताना मी ती पाहिलीच नव्हती. "हे सगळं त्याच पाण्यावर," संघा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, आईले सांगू नोको. जीव जाईन तिचा."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

घरी आले तेव्हा आई सुपात गहू पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"उतरते?"

"कधीकधी."

"वरतं कोन असते?"

"हसन. म्हातारा आहे, पण हात भक्कम आहेत."

"लेकराबाळांचा आहे?"

"चार मुली आहेत त्याला."

आईने सूप पुन्हा हाती घेतलं. त्या रात्री ती जेवली नाही. मला वाटलं, चूक केली मी. पण दुसऱ्या संध्याकाळी बुद्धवंदना झाल्यावर, मेणबत्तीसमोर बसल्या बसल्या तिने विचारलं, "तो हसन बरा असन ना?" मग रोजच विचारायला लागली. बहरीनचं बाकी पुष्कळ मी विसरले. समुद्रावरचा रस्ता आठवतो, ते नळाचं मचूळ पाणी आठवतं, आणि न पाहिलेल्या माणसाची खुशाली विचारणारा आईचा आवाज.

पुढच्या वर्षी संघा सुट्टीवर आला. आईने त्याला कामाचं काही विचारलं नाही. तो परत निघाला त्या दिवशी तिने कापडात दोन बरण्या बांधल्या.

"दुसरी कोनाची?" त्याने विचारलं.

"दोर धरते त्याची," आई म्हणाली.