न्युरेम्बर्गचे साडू आणि तीन गास्टहोफ

न्युरेम्बर्गहून निघताना श्रीरंगरावांनी गाडीचं दार अदबीने उघडून धरलं, ते माझ्या बायकोसाठी. "शिका जरा," ही मला म्हणाली. गाडी अजून जागची हललीही नव्हती आणि माझा जळफळाट सुरू झाला होता.

श्रीरंगराव माझे साडू. अकरा वर्षं इथे इंजिनिअर. मेव्हणीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्हा सातारकरांना उत्तरेचा समुद्र दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. बेत त्यांचाच: हमरस्ता टाळायचा, गावागावांतून जायचं आणि मुक्काम फक्त जुन्या गास्टहोफांत (खाली खाणावळ, वर खोल्या अशी रस्त्याकडेची घरं) करायचा. माझाही एक बेत होता. परत येईपर्यंत हिच्या तोंडून एकदा तरी माझं कौतुक ऐकायचं.

पहिला गास्टहोफ टेकडीच्या कुशीत. उतरतं छप्पर, खिडक्यांत लाल फुलं, जिन्याखाली चकती फिरवायचा टेलिफोन. श्रीरंगराव मालकीणबाईंशी घडाघडा बोलले, बाई लाजून हसल्या. "काय छान बोलतात ना!" ही म्हणाली. जेवायला श्पेट्झले (चीजमध्ये घोळवलेल्या जाड शेवया) होत्या. मी तीनदा घेतल्या. राग आला की मला भूक लागते.

दुसऱ्या गावी पराक्रम माझा. खोलीच्या किल्लीला पेरूएवढा लाकडी गोळा होता, कुणी विसरून नेऊ नये म्हणून. मी नेली. चाळीस किलोमीटरवर खिसा टोचला तेव्हा कळलं. श्रीरंगरावांनी चकार शब्द न काढता गाडी वळवली. "किती शांत स्वभाव!" इति ही. ते ओरडले असते, तर मी त्यांना माफ केलं असतं.

तिसऱ्या दिवशी जमीन सपाट झाली, पवनचक्क्या आणि लाल विटांची घरं आली. संध्याकाळी श्रीरंगराव गाडी लावत होते, तोवर मी हिला घेऊन आत शिरलो. कोपऱ्यात भलंमोठं गोल टेबल, त्यावर पितळी पाटी. मालक फोनवर बोलत होता. मी टेबलाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. तो म्हणाला, "या, या!"

जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', हे मला ठाऊक होतं. पण कान साताऱ्याचे! इतक्या अगत्याने परदेशात प्रथमच कुणी बोलावत होतं. आम्ही ऐसपैस बसलो.

श्रीरंगराव आले आणि पांढरे पडले. मालकानेच 'या, या' म्हणून बसवलं, असं मी सांगितलं. "दिनकरराव, उठा! ताई, तुम्हीपण! तो फोनवर 'हो, हो' म्हणत असेल. हे श्टामटिश आहे. गावातल्या ठरलेल्या लोकांचं टेबल. इथे परक्याने बसायचं नसतं."

तेवढ्यात दार उघडलं आणि चार म्हातारे आत आले. आम्हाला पाहून थबकले. आता उठलो, तर किल्लीनंतरची ही दुसरी फजिती. मी लग्नाच्या मांडवात करतात तसे दोन्ही हात पसरले. "या, या! बसा!"

सगळ्यांत थोरला काहीतरी बोलला. श्रीरंगरावांनी डोळे मिटले. मग त्या म्हाताऱ्याने बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक केलं. मीही केलं. चौघे खो-खो हसत बसले.

"टकटक म्हणजे त्यांचा रामराम," श्रीरंगराव उभ्यानेच पुटपुटले.

"आणि म्हणाला काय?"

"आपल्याला नवा यजमान मिळालेला दिसतोय." मग हळूच म्हणाले, "अकरा वर्षं झाली, दिनकरराव. आमच्या गल्लीतल्या श्टामटिशवर मला कधी कुणी बसा म्हटलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"नियम माहीत होता ना."

तीन दिवस ज्या क्षणाची वाट पाहत होतो, तो हाच. पण त्यांचा चेहरा बघून मजाच गेली. मी खुर्ची ओढली. "या, श्रीरंगराव."

ते बसले आणि घात झाला. ते म्हाताऱ्यांची एकेक गोष्ट मराठीत समजावू लागले आणि ही हनुवटी हातावर टेकून त्यांचंच ऐकत राहिली.

साताऱ्यात परतल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. गल्लीतल्या त्या टेबलावर त्यांनी टकटक केलं होतं आणि खुर्ची मिळाली होती.

"किती धीट आहेत!" ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

विद्या माझी, वाहवा त्यांची! मी रागाने जेवणाच्या टेबलावर दोनदा टकटक केलं. मग ओट्यावरून उलट टकटक आली.

ते कौतुकच होतं. मी तरी तसंच धरून चाललोय.