फुकटातली जाळी

नदीपलीकडचं रान सरकारने अभयारण्य म्हणून राखून ठेवलं, त्या साली मिस्त्रीचं नशीब उघडलं. मात्र त्याचं श्रेय त्याने रानाला कधी दिलं नाही.

त्याआधी तो सासऱ्याच्या हाताखाली गोठ्यांभोवती काटेरी तार ओढत असे. तेव्हा नदीपासून तळ्यापर्यंत शेतं, गवताची कुरणं आणि बांधावरची झुडपं, एवढाच पसारा होता. कोणाचं कुठे संपतं हे बांधाला ठाऊक असे आणि सशांना त्याच्याशी घेणंदेणं नसे. मग प्राण्यांना निवांतपणा मिळावा म्हणून रान राखलं गेलं, आणि आपणही त्यांच्या शेजारी निवांत राहावं असं शहरातल्या पुष्कळ लोकांना एकदम वाटू लागलं. कुरणांचे प्लॉट पडले. बांध सपाट झाले. गाडीवाटेचा डांबरी रस्ता झाला, आणि त्यावरून विटांचे ट्रक धावू लागले. ज्याने त्याने रानाकडे तोंड करून घर बांधलं, आणि रानाने घरात येऊ नये म्हणून मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री कुंपणं घालत असे. पोटापाण्यासाठी घालत असे हे खरंच, पण तेवढ्यासाठीच नव्हे. तार ओढून झाली की तो तिला नखाने टिचकी मारी आणि मान तिरपी करून ऐके. आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा ताणी. जाळीचा खालचा काठ वीतभर जमिनीत गाडी. एकदा तो कामात इतका रमला की स्वतःचा टेम्पोच कुंपणाच्या आत राहिला. टेम्पोसाठी त्याने जाळी कापली नाही. गिऱ्हाइकाचं फाटक बसेपर्यंत टेम्पो आत आणि मिस्त्री पायी, असं चाललं. "माझ्या वडिलांनी मला नवरा बघून दिलाच नाही," बायको म्हणे, "तारेचा ताण बघून दिला."

काम संपलं की पदरचं काहीतरी फुकट करून द्यायचं, ही सासऱ्याची शिकवण मिस्त्रीने आयुष्यभर पाळली. कोणाच्या फाटकाला जास्तीची कडी, कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला उरलेल्या जाळीचं छप्पर. गिऱ्हाइकाला न दिसलेलं भोक आपल्याला दिसतं, यातच कारागिरी आहे असं तो मानत असे.

लेक अगदी दुसऱ्या टोकाची निघाली. शिकून ती अभयारण्यातच नोकरीला लागली. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत रात्री कोण येऊन गेलं ते बघायचं, हे तिचं काम. बाप भोकं बुजवतो आणि लेक भोकांतून कोण गेलं ते मोजते, असा एका घरातला व्यवहार होता. प्राण्यांना इकडून तिकडे जायला वाट लागते, नुसतं रान राखून भागत नाही, असं तिने एकदा बापाला समजावलं होतं. मिस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग त्यांनी फाटकाने यावं."

अलीकडे तिचा जीव एका पाणमांजरात गुंतला होता. शेपटीवर पांढरा डाग असलेली मादी आणि तिची दोन पिल्लं. नदीकडून ओढ्याने यायचं, रस्त्याखालच्या सिमेंटच्या पाइपातून पलीकडे जायचं, तळ्यात मासे मारायचे आणि उजाडायच्या आत परतायचं, असा त्यांचा क्रम. पाणमांजरांची विष्ठा कशी ओळखायची, त्यात माशांचे खवले कसे चकाकतात, हे लेक भर जेवणात सांगे, तेव्हा तिची आई ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाई. मिस्त्री मात्र जागेवर बसून ऐके. कोणाच्याही कामातले बारकावे त्याला आवडत.

त्या दिवशी लेक जेवणाला नीट हात लावेना. पाइपासमोरच्या झाडावरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड ती आठवड्यातून एकदा काढून आणत असे. त्या सकाळी आणलेल्या कार्डात आधी विचित्र प्रकार दिसला होता आणि नंतर काहीच नाही.

"पाइपात शिरतात आणि लगेच परत येतात," ती म्हणाली. "दोन-तीनदा तसंच. मग आलीच नाहीत."

"कुठल्या पाइपात?" मिस्त्रीने विचारलं. पाइप एकच होता.

"रस्त्याखालच्या. आता वरून जात असतील, दुसरं काय. त्या ट्रकांपुढे पिल्लं काय टिकणार, बाबा." पाइपाचं दुसरं तोंड डॉक्टरबाईंच्या खाजगी जागेत उघडत होतं. आत जाऊन बघायला वरिष्ठांची परवानगी हवी, त्यात दोनेक दिवस जाणार, असं ती पुढे सांगत होती. मिस्त्रीने ताट सरकवलं. त्याचं जेवण झालं होतं, निदान त्याने तसं सांगितलं.

डॉक्टरबाई म्हणजे दातांच्या डॉक्टर. दवाखाना बंद करून रस्त्यालगत राहायला आल्या होत्या. कुंपण असावं पण दिसू नये, आणि तळ्याकडची बाजू मोकळी राहावी, एवढीच त्यांची अट. मिस्त्रीने गेल्याच आठवड्यात हिरवी जाळी अशी घातली होती की शेवटी पैसे देताना त्यांनाच ती शोधावी लागली. निघताना त्याला ओढ्याच्या पाइपाचं उघडं तोंड दिसलं. एवढ्या सुंदर कुंपणात एवढं मोठं भोक! ते त्याला बघवेना. जाड जाळीचा एक तुकडा कापून त्याने पाइपाच्या तोंडावर बोल्टने घट्ट बसवला. फुकट. डॉक्टरबाईंनी आभार मानले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो पक्कड घेऊन निघाला. एके ठिकाणी तार सैल झाली आहे, असं त्याने बायकोला सांगितलं.

"तुमची? सैल?" ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

मोठ्या रस्त्यावर त्याने टेम्पो बैलगाडीच्या चालीने चालवला. डांबरावर पुढे काळं काही दिसलं की तो ब्रेक दाबून वाकून बघे. पहिला काळा डाग टायरचा तुकडा निघाला. दुसरं फाटकं पोतं. तिसरी एक चप्पल, उलटी पडलेली. कचऱ्याबद्दल त्याला आयुष्यात एवढी कृतज्ञता कधी वाटली नव्हती.

डॉक्टरबाई रबरी बूट घालून बागेत उभ्या होत्या. हातात पक्कड घेतलेल्या मिस्त्रीला फाटकात बघून त्यांचा चेहरा पडला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीला वाटलं, बातमी आधीच इथवर आली. तो खाली बघत म्हणाला, "घरातूनच कळलं."

दोघांनाही लाज वाटत होती, पण वेगवेगळ्या गोष्टींची. शेवटी बाईंनाच राहवलं नाही. जाळीत पालापाचोळा अडकला, ओढ्याचं पाणी तुंबलं, काल तर ते स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आलं. मिस्त्रीला बोलवायचं म्हणजे त्याचं काम चुकलं असं तोंडावर सांगायचं, आणि तेही त्याने फुकट केलेलं. ते त्यांच्याने होईना. म्हणून काल दुपारी त्यांनी स्वतःच ती जाळी कापली.

"कशाने?" मिस्त्रीने विचारलं.

"दवाखान्यातल्या जुन्या पकडीने. आख्खा जन्म दात उपटण्यात गेला माझा, मिस्त्री, पण तुमच्या जाळीसारखी चिवट अक्कलदाढ नाही बघितली."

तो ओढ्यात उतरला. जाळीच्या मधोमध खरोखरच वेडंवाकडं भोक होतं. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ, इतकं वाईट कोणी कापतं का, म्हणून रागही आला. तेवढ्यात त्याचं लक्ष काठच्या चिखलाकडे गेलं. पाच बोटांची गोल पावलं, ओली, ताजी. मोठ्या पावलांच्या आजूबाजूला, कधी त्यांच्यावरच, लहान पावलं. शेजारच्या दगडावर काळ्या विष्ठेचा छोटा ढीग, आणि त्यात माशांचे खवले चकाकत होते.

जेवताना ऐकलेलं ज्ञान असं उपयोगी पडतं. मिस्त्री त्या ढिगाकडे असा बघत राहिला की डॉक्टरबाईंनी वरून हाक मारून बरं वाटतंय ना, असं विचारलं.

गेली होती, हे कळलं. परत फिरली होती का? तो तसाच रस्ता ओलांडून अभयारण्याच्या बाजूला उतरला आणि पाइपाच्या दुसऱ्या तोंडापाशी गुडघे टेकून, हात टेकून, कमरेपर्यंत आत शिरला. आतल्या गाळात पावलांची गर्दी होती. तळ्याकडे गेलेली, आणि त्यांच्यावरून नदीकडे परतलेली. मोठी आणि लहान. लहानांच्या दोन ओळी, एक सरळ आणि एक उगाच नागमोडी. मिस्त्री बाहेर आला, काठावर बसला आणि बाहीने तोंड पुसलं. वरून विटांचा ट्रक धडधडत गेला. त्याने खुशाल जाऊ दिला.

मग त्याने डॉक्टरबाईंना आपण कशासाठी आलो होतो ते सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि मग म्हणाल्या की कुत्रा रोज पहाटे का भुंकायचा, मधेच का थांबला आणि आज पुन्हा का भुंकला, ते आता कळलं.

जाळीच्या कापलेल्या एका टोकाला तपकिरी केस अडकले होते. मिस्त्रीला ते सहन झालं नाही. बाई नको म्हणत असताना त्याने भोक रुंद केलं, प्रत्येक टोक आत वळवलं, कानस मारली, कडेने जाड गुळगुळीत तार फिरवून आवळली आणि स्वतःचा गाल तिच्यावरून सगळीकडून फिरवून बघितला. कुठे ओरखडा आला नाही. पालापाचोळाही आता निघून जाणार होता. शेवटी सवयीने त्याने कडेला टिचकी मारली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने भोक बनवलं होतं, आणि त्यातही खोट काढायला जागा नव्हती.

"किती झाले?" बाईंनी विचारलं.

"हे फुकट."

"नको. तुमचं फुकट फार महाग पडतं," असं म्हणून त्यांनी पैसे त्याच्या खिशात कोंबले.

घरी तो यातलं काही बोलला नाही. तारेचं काय झालं, असं बायकोने विचारलं, तेव्हा ताण बरोबर आहे म्हणाला. पुढच्या प्लॉटवर त्याने मालकाला आपणहून विचारलं की ओढा कुठून जातो, आणि मालक गोंधळला.

आठवड्याने लेक कार्ड घेऊन घरी आली, तीच मुळी उड्या मारत. तिने लॅपटॉप जेवणाच्या ताटांमध्ये ठेवला. पांढऱ्या डागाची शेपूट, मागे दोन पिल्लं, रोज जाताना आणि रोज येताना. आईनेही या वेळी ताट उचललं नाही. पिल्लं गुबगुबीत आहेत, एवढं ती म्हणाली.

"आणखी एक प्राणी आलाय," लेक म्हणाली. "एकदाच. सकाळी." तिने चित्र पुढे सरकवलं. पाइपाच्या तोंडात कमरेपर्यंत शिरलेला, मागचे दोन्ही पाय चिखलात, आणि मधला भाग कॅमेऱ्याच्या अगदी समोर. विजारीला उजवीकडे ठिगळ.

मिस्त्री मन लावून जेवू लागला.

"बाबा, याची नोंद कुठे करू? जंगली की पाळीव?"

बायकोने चित्र निरखून बघितलं. ठिगळ तिनेच लावलं होतं.

"पाळीव लिही," ती म्हणाली. "पण आत्ता कुठे माणसाळतोय, असंही लिही."