अकरा रुपयांची अत्तरदाणी

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. रक्कम रुपये अकरा, रोख. हजर मी, माझी पत्नी ज्योती आणि ती रक्कम ज्यांना द्यायची ते अवजारकाका. सक्करदऱ्यातल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात बसून काकांनी आमची पितळेची वस्तू आधी हुंगली. कोणतीही जुनी वस्तू ते आधी हुंगत, मग डोळे मिटून हातात फिरवत. हाताला एखादी हालचाल पटली की डोळे उघडत आणि निकाल देत. "माहीत नाही" हा निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

काका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. गावाकडची घरं विकून मनीषनगरात फ्लॅट घेतलेल्या माझ्यासारख्यांची त्यांच्याकडे ये-जा असे. जुनं पितळ चिंच लावून घासलं की चमकतं, पण शोकेसमध्ये ठेवलं की येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कायचं हाये? तिथे उत्तर लागतं. ते काका पुरवत. बिदागी ठरलेली, अकरा रुपये. कोणी घासाघीस केली तर म्हणत, "फुकटात सांगितलेलं ध्यानात राहत नाही गा. पैसे दिले का माणूस जन्मभर सांगत फिरते."

त्यांच्या निकालांची तऱ्हा माझ्या लवकरच लक्षात आली. तोटी असलेली वस्तू अत्तराची, दाते असलेली राणीच्या केसांची, आणि जी नुसतीच जड ती लढाईची. त्यांच्या मते जुन्या विदर्भात शेती कोणी करतच नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांचा लोखंडी चिमटा त्यांनी सरदाराच्या मिशा पिळण्याचा ठरवला. वकीलसाहेबांच्या सासऱ्यांनी तो पाहताक्षणी सांगितलं, की हा चिलमीवर निखारा ठेवायचा चिमटा आहे. हे काकांच्या कानावर गेलं, तेव्हा ते म्हणाले, "सासऱ्यानं जन्मभर चिलीम ओढली. त्याले दुसरं काय दिसन?"

आमची वस्तू काटोलचं घर विकताना माळ्यावर सापडली होती. हातभर लांब, एका बाजूला वाटीसारखी रुंद, पुढे निमुळती होत वाकलेली. एरवी मी तिच्यावर अकरा रुपये खर्च केले नसते. पण आमच्या मुग्धाचं लग्न जुळत होतं. मुलाला ती पसंत, तिला मुलगा पसंत. मध्यस्थ मात्र बजावून गेला होता, "मंडळी घराणं पाहतात. मुलाच्या वडिलांना जुन्या वस्तूंचा भारी नाद आहे." आमचं घराणं म्हणजे आजोबांची चार एकर संत्र्याची बाग. ज्योतीच्या मते, ते लग्न आता या पितळेवर अडलं होतं.

"अत्तरदाणी," काका म्हणाले. "हुंगून पाहा. जुनं अत्तर उतरलं का असाच वास येते."

मी हुंगलं. वास काही अत्तराचा वाटला नाही. "काका, आमच्या घरी अत्तर कोण लावणार? आजोबा तर गुडघ्यावर धोतर नेसायचे."

"लपवत असतीन बापू. खरा श्रीमंत सांगत फिरते का?"

अकरा रुपये दिले. पुढच्या रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि काटोलकडच्या खेड्यात उभा जन्म गेलेली त्याची आजी. शंका निघाली तर खुलासा करायला असावेत, म्हणून ज्योतीने काकांनाही बोलावलं होतं. तिने वस्तूत गुलाबपाणी भरलं, निमुळत्या टोकाला बोट लावलं आणि पाहुण्यांवर शिंपडलं. मुलाच्या वडिलांनी रेशमी झब्ब्यावर चार थेंब झेलून मान डोलावली. "वा! घराण्यातली दिसते."

आजींनी तोंड पुसलं आणि वस्तूकडे पाहतच राहिल्या. "काहून वं बाई, हे कोठून काढलं?"

"अत्तरदाणी आहे, आजी. आमच्या आजेसासऱ्यांची."

"कायची अत्तरदाणी! बैलाचं पोट फुगलं का एरंडेल पाजाचं नळकं हाये ते. एकानं जबडा धराचा अन् दुसऱ्यानं हे घशात घालाचं. धू नाहीतर नको धू, वास जात नाही त्याचा."

झब्बा हळूच हुंगला गेला. ज्योती नळकं धरून तशीच उभी. मुग्धाने जमिनीकडे पाहिलं. मी मनात मध्यस्थाला निरोप द्यायची तयारी केली.

काका मात्र उठले. त्यांनी नळकं घेतलं, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने माझा जबडा धरला. "आजी, कोणत्या बाजूनं घालत होते?"

"उजव्या. मान वर करा त्याची. अजून वर. हां!"

मी व्याह्यांसमोर मान वर करून उभा. काकांचा हात एकदाच खाली आला आणि थांबला. डोळे उघडून ते म्हणाले, "बरोबर हाये. हाताले पटलं." त्यांनी खिशातून अकरा रुपये काढले आणि आजींच्या तळहातावर ठेवले. "ओळख तुमची, बिदागी तुमची. पण एक सांगतो, बैल राजाच्या घरचे असतीन."

आधी मुग्धा हसली, मग मुलगा, मग सगळेच. आजींनी डोळे पुसले. "आमच्याकडे बांबूचं होतं. गरिबाकडे तेच असे. अन् यांच्या आजानं बैलासाठी पितळीचं करून घेतलं. आता अजून कोणतं घराणं पाहाचं राहिलं रे?" हे शेवटचं त्यांच्या मुलाला, म्हणजे नवऱ्यामुलाच्या वडिलांना होतं. ते झब्बा झटकत म्हणाले, "तारीख काढू."

लग्नात काका अक्षता टाकायला होते. नंतरही त्यांनी धंद्याची रीत बदलली नाही. आमच्याच नवीन व्याह्यांचा पानपुडा त्यांनी राजदूताच्या पत्रांची पेटी म्हणून परत पाठवला.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. तेरवीला आम्ही सगळे होतो, आजीसुद्धा. पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा व्हरांड्यात काकांनी जमवलेल्या वस्तूंकडे पाहून म्हणाला, "भंगारवाल्याला बोलावलंय. यातलं काय कायचं आहे, कोणालाच माहीत नाही." काकांच्या खुर्चीजवळ, अगदी हाताशी, एक वाकडी लोखंडी पट्टी होती. ती त्याने आजींना दाखवली.

आजींनी पट्टी उलटीपालटी केली. ती वखराची मोडकी पास होती, शेतातली ढेकळं नि तण कापणारं पातं. हे आता मलाही ओळखू येत होतं, म्हणजे त्यांना नक्कीच आलं असणार. त्यांनी एकदा काकांच्या फोटोकडे पाहिलं. मग पट्टी हुंगली, डोळे मिटले, हवेत एक वार केला.

"तलवार हाये बापू," त्या म्हणाल्या. "राजाच्या घरची. भंगारात नको देऊ."

मुलाने पट्टी दोन्ही हातांनी परत घेतली आणि भंगारवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं. मी खिशातून दहाची नोट आणि रुपयाचं नाणं काढलं. रुपये अकरा, रोख. आजींना दिले.