उभ्या मोटारीचा आवाज

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हसनाबादच्या शाळेत मास्तर असताना मुलांनाही मी तेच शिकवलं. तरी निजामाच्या राज्यातली ही एक गोष्ट... ऐकीव नाही, माझ्याच अंगणात घडलेली.

गावात मोटार एकच, मालकांची. मालक म्हणजे तिथले मोठे जमीनदार. ती चालवायचा आणि दुरुस्तही करायचा महादू, माझा चौथीपर्यंतचा सोबती. त्या उन्हाळ्यात मोटार पुढच्या उजव्या चाकाशी खट-खट वाजू लागली. महादूने मला वाकायला लावून दाखवलं — चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीच्या टोकातला पितळी बुश, म्हणजे खिळीभोवतीची नळी, झिजून पार सैल झाला होता. पहार घालून रेटलं की कमान बोटभर सरकायची.

"असंच ऱ्हायलं तर उतारावर चाक तिरपं व्हतं," तो म्हणाला. "मंग हँडल धरून देवाचं नाव घ्यायचं."

नवे बुश करायला जालन्याहून पितळ आलं. तेवढ्यात सुभ्याचे बडे साहेब येणार अशी वर्दी आली, आणि आपल्या मोटारीला झेंडा नाही हे मालकांच्या ध्यानात आलं. ते पितळ झेंड्याची दांडी रोवायच्या खोबणीत गेलं. घासून असं लख्ख केलं की त्यात मालकांना स्वतःचा फेटा दिसे. बुशांचं काय, असं विचारलं तर महादू म्हणाला, दुसरे मिळाले, बसवले. खरंच, मोटार वाजायची थांबली होती.

माझ्या बायकोला तेव्हा सातवा महिना. माहेरी जायला बदनापूरला रेल्वे गाठायची होती. मालकांनी आपण होऊन मोटार देऊ केली. पहिल्यांदाच मला ते उदार वाटले.

सकाळी आठचा सुमार. "वैनी, बराबर टेका," म्हणत महादूने तिच्या पाठीशी उशी दिली आणि तो पाणी प्यायला ओट्याकडे गेला. इंजिन बंद. मी शेजारी उभा... आणि खट. मग खट-खट. तोच आवाज, तिथूनच — जशी मोटार खाचखळग्यांतून चाललीय.

"खालून कोण ठोकतंय हो?" बायको म्हणाली.

मी आडवा होऊन पाहिलं. कुणी नाही. कमानीवर हात ठेवला. गार, स्थिर. आवाज चालूच. महादू तांब्या घेऊन परत आला आणि जागीच थांबला.

"नवे बुश बसवलेस ना?"

त्याने तांब्या खाली ठेवला. "जुन्यालाच चामडं गुंडाळलंय. वंगण भरलंय."

"आणि हिला आत बसवलंस?"

"मालक म्हणले, साहेब बसायच्या आधी उतारावरून एक चक्कर करून बघ. रिकामी न्हाई... आत वजन पाहिजे."

त्याचं हे बोलणं संपलं आणि आवाज थांबला. बायकोला मी उतरवलं. बैलगाडीने गेलो, रेल्वे चुकली, दुसऱ्या दिवशीची धरली.

चार दिवसांनी साहेब आले, स्वतःच्या मोटारीतून. मालकांची मोटार त्यांना आणायला निघाली होती, ती नाल्याच्या उतारावर खड्ड्यात गेली. महादूचा हात मोडला. झेंडा शाबूत राहिला.

उन्हाने पत्रा तडकला असेल, उंदीर शिरला असेल... सगळं तपासून झालं. हाताखाली गार पडलेली कमान तशी वाजत नाही.

महादूला बघायला गेलो, तेव्हा त्यानेच विषय काढला. "आवाज मलाबी आल्ता, मास्तर. मी खरं बोलत नव्हतो... मंग कुणीतरी बोललं."

त्याचं तेवढ्यावर भागलं. माझं अजून भागलेलं नाही. ना त्या आवाजाबद्दल, ना सगळं ठाऊक असून हिला आत बसवणाऱ्या महादूबद्दल.