राखणदाराच्या वहाणा आणि रोमचं पतन

रोमचं साम्राज्य राखणदाराला विसरल्यामुळे पडलं, असं माझ्या मामाचं ठाम मत आहे. राखणदार म्हणजे आमच्या पेडण्याकडच्या गावांत शिवेवर राहणारा रक्षक देव. तो रात्री गावाभोवती फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून वर्षातून एकदा त्याला नव्या कातडी वहाणांचा जोड द्यायचा. मागच्या वर्षीचा जोड उलटा करून तळ बघायचा. झिजलेला असला, की गाव निश्चिंत.

मामा डिचोलीच्या खाणीवर काट्याजवळ बसून ट्रकांची वजनं लिहायचा. खाणी बंद झाल्या आणि तो घरी आला. हे का झालं, याचा त्याने वर्षभर विचार केला. कोर्टकचेरी, परवाने वगैरे कारणं त्याला वरवरची वाटली. त्याच्या मते डोंगर खणताना तिथल्या राखणदाराची जागा कुणीतरी हलवली आणि त्याला विचारलं नाही. एकदा हे सापडल्यावर त्याला सगळ्या जगाचा इतिहास समजला. बाबिलोनच्या शेवटच्या राजाने नव्या वर्षाचा उत्सव चुकवला, म्हणून बाबिलोन गेलं. रोममध्ये शिवेच्या दगडाचाही देव होता, पुढे जुन्या देवांचे नैवेद्य बंद झाले, आणि रोम गेलं. वाचनालयातली इतिहासाची सगळी पुस्तकं त्याने याच एका प्रश्नासाठी वाचली.

त्या वाचनालयाची मी कार्यवाह. वार्षिक व्याख्यान माझ्याकडे असतं. आदल्या वर्षी मधुमेहावर व्याख्यान झालं, तेव्हा चहाच्या सुट्टीत बाहेर गेलेली माणसं परत आलीच नाहीत. वक्त्याने शेवटची वीस मिनिटं मी, अध्यक्ष आणि पंखा यांना ऐकवली. त्यावर अध्यक्षांनी सांगितलं की यंदाही असंच झालं, तर व्याख्यान बंद करून पाककृती स्पर्धा ठेवू. त्याच बैठकीत मी मामाचं नाव सुचवलं. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं, हे मी मामाला सांगितलं नाही.

मामाची सत्तरी उलटलेली. आयुष्यात त्याने दुसऱ्यांच्या मालाची वजनं सांगितली, स्वतःचं म्हणून चार माणसांपुढे काही सांगितलं नव्हतं. होकार दिल्यावर तो आठ दिवस नीट जेवला नाही, असं मामी म्हणाली. लोक उठून गेले तर पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाही, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. त्याची टिपणं मी टाइप करून दिली. साम्राज्य, चूक, कोपलेला देव, असा तक्ताच करून घेतला. करताना मला एक शंका आली. पोर्तुगीजांनी इथली देवळं पाडली म्हणून ते गेले, असं त्याने लिहिलं होतं. मी म्हटलं, मग जायला साडेचारशे वर्षं का लागली?

मामा चष्मा पुसत म्हणाला, "देव चलत जाता गो बाय. विमानान नाय."

मी तक्त्यात "चालत" असा शेरा टाकला आणि पुढे गेले.

आता माझी चूक. मी याद्या करते. घरातली, वाचनालयाची, वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या कार्यांची, सगळी कामं यादीवर असतात आणि झालं की खूण करते. वीस वर्षांत माझ्या यादीतलं काही राहिलं नाही, याचा मला गर्व आहे, आणि घरच्यांना कंटाळा. त्या वर्षी राखणदाराचं करण्याची पाळी आमच्या वाड्याची होती. सगळे घरी असतात म्हणून रविवार ठरला, आणि व्याख्यानही त्याच रविवारी. राखणदाराची यादी अशी: रोट, नारळ, पानसुपारी, विडी, वहाणा. व्याख्यानाची यादी: माईक, तांब्या, शाल, चहा, उंडे पाव आणि भाजी, मामाच्या वहाणा. मामाचा जुना जोड तुटला होता. बांद्याकडच्या एकाच कारागिराकडे मी दोन्ही जोड करायला टाकले होते आणि दोन्ही वेगवेगळ्या पुडक्यांत, पण सारख्याच सुतळीने बांधून, सारख्याच वर्तमानपत्रात गुंडाळून आले.

सकाळी नवऱ्याने स्कूटरवर सामान घेतलं. मी पाचही वस्तूंवर खूण केली. पुडकं सोडून पाहिलं नाही. तो शिवेवर जाऊन, गाऱ्हाणं घालून, सगळं ठेवून परत आला आणि भाकरी खाताना सहज म्हणाला की यंदा राखणदाराचा पाय बराच लहान झालेला दिसतो.

मी मामाकडे धावले. मामी मी पाठवलेलं पुडकं पुढ्यात उघडून बसली होती. आत हातभर लांब, जाड तळाच्या, चोचीसारख्या वळलेल्या टोकाच्या, पितळी खिळे मारलेल्या वहाणा. मामा त्यांच्याकडे बघत होता.

मी म्हटलं, अजून दहाच वाजले आहेत, मी जाऊन बदलून आणते. कुणाला कळणार नाही.

मामा शांतपणे म्हणाला, "दिलेला परत हाडूचा नाय. बाबिलोनात तांच झाला."

बाबिलोनमध्ये असं काही झाल्याचं तक्त्यात नव्हतं, पण वाद घालायला वेळ नव्हता. रबरी चपला घालून भाषणाला येणार नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. शिवाय त्याला एक अर्थही सापडला होता. राखणदाराने मामाच्या घेतल्या आणि स्वतःच्या पाठवल्या, म्हणजे आज त्याची परवानगी आहे. मामीने पुढे नारळाची सोडणं कोंबली. मामा अंगणात चालून पाहू लागला. फट फट असा आवाज येत होता आणि कोंबड्या बाजूला होत होत्या.

वक्त्याने तासभर आधी यावं, असा माझ्या यादीचा नियम आहे. मी मामाला स्कूटरवर बसवून, वाचनालयाच्या सभामंडपाच्या पायरीशी उतरवून, वहाणा तिथेच काढायला लावून आत नेलं. त्याला कुणी येताना पाहिलं नाही. मी माईक तपासू लागले.

थोड्या वेळाने लक्षात आलं की बाहेर माणसं आली आहेत, पण बोलणं ऐकू येत नाही. जनेलातून पाहिलं. पहिली आलेली बाई पायरीशी थांबली होती. तिने त्या वहाणा बघितल्या, स्वतःच्या चपला चार हात लांब काढल्या, हात जोडले आणि हळूच आत येऊन मागच्या रांगेत बसली. मागून येणारा प्रत्येक जण तेच करत होता. वहाणांभोवती एवढी मोकळी जागा, की तिथे रांगोळी घालता आली असती. गावातल्या कुणालाही तो आकार ओळखायला सांगावा लागत नाही. ज्याच्या वहाणा बाहेर आहेत तो आत बसला आहे, इतका सरळ हिशेब होता.

मी बाहेर जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी मामाकडे पाहिलं. तो पहिलाच कागद तिसऱ्यांदा वाचत होता. मी तांब्यात पाणी भरलं.

मामा दीड तास बोलला. सुरुवातीला आवाज बसला, पण कुणी खाकरलं नाही, कुणाचा फोन वाजला नाही, तसा तो खुलला. बाबिलोन झालं, रोम झालं, खाणींनी खाल्लेले शिरगावकडचे डोंगर झाले. जे आपली शीव राखणाऱ्याला विसरतात, त्यांची शीव राहत नाही, असं तो म्हणाला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान मागे वळवून रिकाम्या कोपऱ्याला नमस्कार केला. चहाच्या सुट्टीला कुणी उठलं नाही. राखणदाराच्या आधी कुणी उठायचं, हा प्रश्न होता. मी चहा जागेवर फिरवला. अध्यक्षांना मधेच फोनवर बोलायला बाहेर जायची सवय आहे, ते तर हात जोडूनच बसले होते. आभार मानताना पुढच्या वर्षीचं व्याख्यानही याच वक्त्याचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मामाला मी मागच्या दाराने अनवाणी घरी नेलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "उठले नाय गो."

मी नाही म्हटलं. खरंच कुणी उठलं नव्हतं.

मंडप रिकामा व्हायला फार वेळ लागला. मग त्या वहाणा मी पिशवीत घातल्या, मामाने सांगितल्याप्रमाणे नारळाच्या पाण्याने पुसल्या आणि दुसऱ्या सकाळी शिवेवर ठेवल्या. मामाचा लहान जोड तिथेच होता. दिलेला परत आणायचा नाही, म्हणून राहू दिला. आठवड्याने वाड्यावर बातमी आली की राखणदाराने लग्न केलं, लहान जोड बायकोचा.

यंदा पाळी दुसऱ्या वाड्याची, पण वहाणा बघायला मीही गेले. मोठा जोड उलटा केला, तर जवळजवळ कोरा. लहान जोडाची मात्र उजवी टाच आतून पार गेलेली. बायका समाधानाने म्हणाल्या की आता तीच फिरते, तो घरी बसतो. मी ती टाच हातात घेऊन पाहिली. खाणीवर ट्रकने पाय चेपल्यापासून माझा मामा उजवी टाच आत दाबून चालतो. त्याच्या आजवरच्या प्रत्येक जोडाची टाच तिथेच गेलेली आहे.

मी थेट त्याच्याकडे गेले. तो नव्या व्याख्यानाची टिपणं काढत बसला होता. दिलेला परत आणायचा नाही, हे कोण म्हणालं होतं, असं विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "परत हाडलंय खय? वापरूक हाडलंय, पाळयेच्या आदल्या दिसा थंय नेवन ठेवलंय. साम्राज्यां परत ठेवूक इसारली, म्हणान पडली."

मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला की तक्त्यात एक रकाना वाढव.