झुलालभाऊंची निजायची गाडी

माझे थोरले भाऊ झुलाल सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि शेवटी आपल्याच मनाचं करायचे. भडगावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. भोगायचं मात्र मी आणि भिकुबाई वहिनींनी.

मुलगा तापातून उठला तेव्हा वहिनींनी सप्तशृंगीच्या गडाचा नवस बोलला होता. दरसाल चैत्रात गावच्या गाड्या गडाला निघत. पण विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून वहिनींची कंबर गेली होती, खाचरात, म्हणजे आमच्या साध्या बैलगाडीत, घटकाभर बसवत नसे. बारा वर्षं नवस तसाच राहिला आणि त्या मनातून झुरत होत्या.

१९३५ साली भाऊ कोर्टाच्या तारखेला धुळ्याला गेले. देवपुरात पांझरेकाठी त्यांना एका साहेबाची मोटार दिसली. मागे जोडलेली दोन चाकांची पेटी, आत गादी, आणि मागचं झाकण उघडलं की आख्खा स्वयंपाक! तिथे खानसामा अंडी तळत होता. भाऊ घरी आले ते हेच बोलत. "तुन्ही वैनीले अशीच गाडीमा गडवर लई जासू," मला म्हणाले.

मग दोन वर्षं अंगणात एका बैलगाडीवर ठोकाठोक. सुपडू सुतार तीनदा रुसून गेला. पहिलं छप्पर पत्र्याचं केलं, तर आत भाकरी भाजून निघावी अशी धग. ते काढून बांबूच्या तट्ट्या बांधल्या. मग गाडीच्या मागच्या टोकाला लोखंडी चूल, डब्यांची फळी, पाण्याचं पिंप. सुपडू म्हणाला, "भाऊ, मांगे इतलं वजन? गाडी उलाळ व्हई." मागे जड झालेल्या गाडीचं जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. भाऊ म्हणाले, साहेबाची नाही होत! अहो, साहेबाच्या मोटारीला गळा होता का? मी कपाळ बडवून घेतलं. भाऊंनी रिकामी गाडी शेतापर्यंत फिरवून आणली, स्वतः पुढे बसून, आणि मिशीवर हात फिरवला.

निघायच्या दिवशी पीठ, डाळ, भांडी, पाणी सगळं मागे भरलं. बायांनी वहिनींना उचलून आत निजवलं. गाडी हलली, जू वर उठलं, बैल घुसमटले आणि वहिनी घसरून चुलीवर आदळल्या. बाकीच्या गाड्या वेशीत खोळंबल्या होत्या.

"वजनले पाटा आना! पुढे बांधा!" भाऊ ओरडले.

"भाऊ, मांगली चूल काढा ना!" मी म्हणालो.

"चूल निंघाव नही!"

वहिनी कंबर धरून खाली उतरल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. "तीस वरीस मी रांधं. देवीनी वाटवर बी मन्हाच हातनी भाकर का? तुम्हीन माले एकदाव इचारं बी नही."

"हाई बठ्ठं तुन्हाकरताच शे ना!" भाऊ म्हणाले. त्यांना खरंच काही कळेना.

वहिनींनी माझ्या खाचरात कडबा पसरायला लावला आणि त्यावर आडव्या झाल्या. "चूल तयार शे," त्या भाऊंना म्हणाल्या, "आते तुम्हीच रांधा."

भाऊ तिथेच उभे राहिले. मी बैल हाकले. दर धक्क्याला वहिनी कण्हत, पण परत फिरू का विचारलं की नाही म्हणत. माझा संताप संताप होत होता. ती एक चूल काढली असती, तर त्या सुखानं निजून गडावर पोचल्या असत्या.