डावी चाकं त्याची

माझ्या गाडीला चाकं चार. ती उतरवायची वेळ क्वचितच येते, आणि आली तरी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला उतरवतो. तरीही मी डांगे चौकाजवळच्या हत्यारांच्या दुकानात उभा राहून चाकाचे नट आवळायची, चार्जिंगवरची इम्पॅक्ट गन निवडत होतो. घरी सांगितलं होतं, भाजी आणायला चाललोय. पुरावा म्हणून हातात पिशवीही होती.

कारण एवढंच, की रविवारी माझा लाइनवरचा जोडीदार येणार होता.

चाकणच्या कंपनीत आम्ही दोघं चाकं बसवायचो. पट्ट्यावरून गाडी सरकत यायची. डावी चाकं त्याची, उजवी माझी. मध्ये गाडी असल्यामुळे शिफ्टभर एकमेकांचं तोंड दिसायचं ते काचांमधून, तुकड्यातुकड्यानं. पण त्याच्या गनच्या आवाजावरून मला कळायचं, आज गडी घरी भांडून आलाय. कधी दोघांच्या गन एकदम थांबल्या, नट बरोबर आवळल्याचे दोन्हीकडचे हिरवे दिवे एकदम लागले, की तो पलीकडून ओरडायचा, "हिरवा!" बक्षीस काहीच नसायचं. तरी त्या आरोळीसाठी मी हात चालवायचो.

तळवड्यात एक गाळा घ्यायचा आणि दोघांनी गाड्यांची कामं करायची, हे आम्ही कॅन्टीनच्या पोह्यांवर इतक्या वेळा ठरवलं की भांडण आता फक्त शटरच्या रंगावर उरलं होतं. मला निळं हवं होतं, त्याला हिरवं. मग कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. त्याच्या वडिलांचं एक अंग लुळं पडलेलं. त्यानं पैसे घेतले आणि लातूरकडे गावी गेला. मला स्टोअरमध्ये कॉम्प्युटरपुढे बसवलं. आता मी नट मोजतो, आवळत नाही.

आणि परवा त्याचा फोन आला. "थेरगावात भाचीचं लग्न हाय राव. रविवारी सकाळी तुझ्याकडून जातो. गाडी घेऊनच यायलोय."

"ये भावा. तुझ्या गाडीची चाकं पुढची मागं, मागची पुढं करू."

"करू की," तो म्हणाला.

त्या 'करू की'वर मी दुकान गाठलं.

दुकानदार तिथल्याच जुन्या गावकीतल्या घरातला, पोरगेलासा. त्यानं टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात एक जाड बोल्ट अडकवून ठेवला होता आणि गिऱ्हाइकाला गन चालवून बघू द्यायचा. त्यानं मला टॉर्क सांगितला, बॅटरी सांगितली, वॉरंटी सांगितली. मी डोळे मिटून एकेक गन चालवत होतो. लाइनवरची गन कशी, घुंईई करत जायची आणि टक करून गप्प व्हायची. या सगळ्या नुसत्या तडतडत होत्या, लाह्या फुटाव्यात तशा.

"काका, काय आयकताय?" दुकानदारानं विचारलं. "गाणं न्हाई लागत त्याच्यात."

शेवटी मी सगळ्यात आखूड गन उचलली. आवाज तिचाही तसा नव्हता, पण मूठ हातात बरोबर बसली. मनगटाला ओळखीचं वाटलं. हत्यार निवडण्याची ही पद्धत कुठल्याही पुस्तकात सापडायची नाही.

"ल्हान हाय पण तिखट हाय बरं," तो म्हणाला. "मागं बटन हाय, त्ये कमीवर ठिवा."

मी मान हलवली. चाकं बसवण्यात हयात घालवलेल्या माणसाला हा बटणं शिकवणार!

शनिवारी सकाळी दुकानातून आल्याआल्या सराव म्हणून माझ्याच गाडीचं पुढचं डावं चाक काढलं, परत चढवलं. तीन नट हातानंच बसवले आणि चौथ्यावर रुबाबात गन लावली. तडतड सुरू झाली. मी दाबून उभा. लाइनवर नट पुरेसा आवळला की गन आपोआप थांबायची आणि खांबावरचा हिरवा दिवा लागायचा. तोवर बोट काढायचं नाही, हे हाडात मुरलेलं. ही गन काही थांबेना. मी वाट बघतोय. खरं सांगतो, समोरच्या तुळशीच्या कुंडीकडे बघत मी दिवा लागायची वाट बघत होतो.

खाडकन आवाज झाला. नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटून नटासकट फरशीवर.

बायको दारात आली. तिनं गनचं खोकं पाहिलं, रिकामी पिशवी पाहिली. "अहो, ही भाजी चिरायची कशी?"

रविवारी तो आला. केस पांढरे, अंगात लग्नाचा सफारी, गाडीत सगळं बिऱ्हाड. मी जॅक काढायला लागलो तर म्हणाला, "अरे, येतानाच एका टायरवाल्याकडून चाकं बदलून घेतली. म्हणलं, तुला कशाला तरास."

मी "बरं केलंस" म्हटलं. जॅक परत आत ठेवला.

चहा घेऊन निघताना त्याची नजर माझ्या चाकावर गेली. तो वाकला. "तीनच? चौथा कुठाय?"

सांगावं लागलं. दिव्यासकट सगळं सांगितलं. तो गाडीला टेकून इतका हसला की त्याची बायको खाली उतरली. मग डोळे पुसून म्हणाला, "पण तू डावीकडं गेलासच कशाला? डावी माझी हाय."

सफारीच्या बाह्या वर केल्या. "आण पाना. मागची बघू. तू जा तिकडं."

तो मागच्या डाव्या चाकाशी पाना घेऊन, मी मागच्या उजव्याशी गन घेऊन, बटण कमीवर. आधी नट सैल केले, मग आवळत आणले. मध्ये गाडी. काचेतून त्याचं अर्धं कपाळ दिसत होतं. माझी गन तडतडत होती आणि कधी थांबायचं ते मला कळत नव्हतं.

"हिरवा!" तो पलीकडून ओरडला.

मी बोट काढलं.

मग थेरगावहून फोनवर फोन यायला लागले, आणि ते गेले.

बुधवारी गॅरेजमध्ये नवा स्टड बसवून घेतला. मेकॅनिक म्हणाला, "बाकीची चाकं पण चेक करतो."

"करा. मागचं डावं राहू द्या, ते झालंय."

"कुणाकडं केलं?"

"तळवड्यात," मी म्हटलं. "आमचाच गाळा आहे. हिरव्या शटरचा."